रजेच्या मापाचा रस्ता

आराखड्यात मी सगळ्यात आधी लिहिला तो रिकामा दिवस. कुठल्या देशात जायचं, कुठली गाडी घ्यायची, रोज किती किलोमीटर कापायचे, यातलं काहीच तेव्हा ठरलं नव्हतं. ठरली होती ती फक्त रजा, आणि मागेपुढे सुट्ट्या जोडूनही तिचे दोन आठवडे भरत नव्हते. त्यातलाच एक दिवस काढून बाजूला ठेवलेला पाहून बरोबर येणारा मित्र वैतागला. "अरे, आधीच दिवस कमी, त्यात हा रिकामा कशाला?" दिवस कमी आहेत म्हणूनच. महिनाभराच्या प्रवासात एक दिवस पाऊस लागला तर तो पुढच्या दिवसांत मुरून जातो. मोजक्या दिवसांच्या प्रवासात तोच एक दिवस पुढचं बुकिंग, पुढचा घाट, शेवटचं विमान, सगळं ओढून खाली आणतो. मग माणूस चुकलेले तास भरून काढायला अंधारात आणि थकलेल्या अंगानं गाडी चालवतो. परक्या डोंगरात दुचाकीला याहून मोठा धोका नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून रिकामा दिवस आधी आणि बाकीचं सगळं नंतर.

पुण्यात दुचाकीवर जीव असलेल्या बहुतेकांचं एक जुनं स्वप्न असतं. आपल्याच दारातून आपलीच गाडी सुरू करायची आणि सरळ परदेशात जायचं. मीही त्या वाटेनं पुष्कळ दिवस नकाशा पाहिला. पश्चिमेला पाकिस्तान, तिथून आपल्याला वाट नाही. पूर्वेला म्यानमार. २०२१च्या लष्करी उठावाआधी मणिपूरमधल्या मोरेहून थायलंडपर्यंत गाड्या जात होत्या, आता तो रस्ता भरवशाचा राहिलेला नाही. चीनमधून परदेशी गाडी न्यायची तर परवानाधारक संस्थेमार्फत वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो, आणि त्याचा खर्च एकट्यादुकट्याला पेलत नाही. शिवाय अनेक देशांसाठी 'कार्ने द पासाज' लागतो. हा गाडीचा पासपोर्टच, आणि त्यासाठी गाडीच्या किमतीच्या हिशेबानं हमी ठेवावी लागते. बोटीनं गाडी पाठवली तर तिच्या जाण्यायेण्यातच महिने जातात. नेपाळ मात्र खुला आहे. भन्सार म्हणजे तिथलं सीमाशुल्क भरलं की आपल्या नंबरची गाडी आत जाते, व्हिसाही लागत नाही. पण पुण्याहून सोनौलीची सीमाच दीड हजार किलोमीटरहून लांब. जाऊन येऊन रजेचा मोठा तुकडा आपल्याच महामार्गांवर संपतो.

स्वतःच्या गाडीचा हट्ट तिथंच सोडला. थोड्या दिवसांत परदेशात लांब जायचं असेल तर विमानानं डोंगराच्या पायथ्याशी उतरायचं, गाडी तिथंच भाड्यानं घ्यायची आणि फेरी मारून त्याच गावात परतायचं, एवढाच मार्ग उरतो. त्यात कमीपणा काही नाही. स्वप्नातला जो भाग खरोखर मोलाचा असतो, अनोळखी डोंगरात स्वतःच्या हातानं गाडी नेणं, तो शाबूत राहतो.

पहिला विचार पामीर महामार्गाचा होता. किर्गिझस्तानातल्या ओशहून निघून ताजिकिस्तानातल्या मुर्गाब, खोरोगवरून दुशान्बेपर्यंत जाणारा सोव्हिएत काळातला रस्ता, त्यातली अक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर. दुचाकीवाल्यांच्या बोलण्यात हे नाव आलं की आवाज बदलतो. पण नकाशावर नुसत्या किलोमीटरऐवजी प्रत्येक मुक्कामाची उंची लिहिली आणि चित्र पालटलं. ओश हजार मीटरच्या आसपास, आणि तिथून दोनच मुक्कामांत काराकुल तलावाशी जवळजवळ ३,९०० मीटरवर झोपायची वेळ येते. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त चढू नये, असं डॉक्टर सांगतात. लडाखला आल्या आल्या खार्दुंग ला गाठायला निघालेल्यांचे हाल पाहिले असतील तर हा नियम वेगळा समजवावा लागत नाही. शरीराला जे दिवस द्यावे लागतात ते आमच्या रजेत नव्हते. वर दोन देशांचे व्हिसा, सीमेवरचे तास आणि पामीरच्या प्रदेशाचा वेगळा परवाना. मित्राला वाईट वाटलं, मलाही. पण पामीर घाईत करण्यापेक्षा न केलेला बरा.

उरला किर्गिझस्तान, आणि तो जसजसा वाचत गेलो तसतसा मनात भरत गेला. आकारानं महाराष्ट्राच्या साधारण दोन तृतीयांश, नव्वद टक्क्यांहून अधिक भाग डोंगराळ, लोकवस्ती सगळी मिळून सत्तर लाखांच्या घरात. दिल्लीहून बिश्केकला थेट विमान जातं आणि साडेतीन तासांच्या आत पोचवतं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास पुढं, म्हणजे वेळ बदलल्यानं झोपेचा खेळखंडोबा होऊन पहिला दिवस फुकट जात नाही. व्हिसा घरबसल्या ऑनलाइन. तिथला सोम आणि आपला रुपया त्या वेळी जवळपास बरोबरीचे होते, त्यामुळे किंमत मनातल्या मनात बदलायचे कष्टही नाहीत. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे राजधानीतून सकाळी निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी तीन हजार मीटरवरच्या कुरणात असू शकतो. एक देश, एक व्हिसा, एक फेरी.

मग दिवसांचा हिशेब. किलोमीटर मोजणं मी सोडून दिलं होतं, कारण पुणे-कोल्हापूर रस्त्यावरचे शंभर किलोमीटर आणि खडीच्या घाटातले शंभर किलोमीटर यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. डांबरी रस्त्यावर तासाला साठ, कच्च्यावर पंचवीस, आणि दिवसातले सहाच तास सीटवर. या आकड्यांत बसेल तेवढाच टप्पा. फोनमधला नकाशा कच्च्या रस्त्याला जो वेळ दाखवतो तो मी सरळ दुप्पट धरला. जुलैत तिथं रात्रीचे साडेआठ होऊन गेले तरी उजेड असतो. तो उजेड जास्तीच्या किलोमीटरांसाठी वापरायचा नाही, पंक्चरसाठी आणि वाटेत भेटणाऱ्या माणसांसाठी ठेवायचा, हे आधीच ठरवलं. पहिल्या आराखड्यातली कोल-सू तलावाची वाट चीनच्या सीमेलगत असल्यानं तिला वेगळा परवाना लागतो, म्हणून ती गेली. तोकमोकजवळचा अकराव्या शतकातला बुराना मनोरा जाताना गाळला, कारण परतीची वाटही त्याच्याच शेजारून होती. आराखडा करणं म्हणजे मुख्यतः खोडणं आहे, आणि ते घरी बसून, पोटभर जेवून, नीट झोपून करावं. तिथं दमलेल्या संध्याकाळी केलेली खोडाखोड बहुधा चुकते.

कागदपत्रांत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोपा. आरटीओकडे अर्ज केला की मिळतो आणि वर्षभर चालतो. मूळ परवाना मात्र बरोबर हवाच. प्रवासविम्याचं तसं नाही. मी चार-पाच पॉलिसींची बारीक अक्षरं वाचून काढली. कुठं दुचाकी चालवताना झालेली इजा वगळलेली, कुठं ठरावीक सीसीच्या वरची गाडी, कुठं ठरावीक उंचीच्या वरची सुटका. तिन्ही गोष्टी धरणारी पॉलिसी महाग पडली, तरी तीच घेतली. डोंगरातून हेलिकॉप्टरनं आणण्याचा खर्च कोण देणार, हा प्रश्न निघण्याआधी विचारायचा असतो. हेल्मेट, जाकीट, बूट आणि गुडघ्यांचे पॅड आम्ही घरूनच नेले. भाड्याची गाडी चालते, भाड्याचं हेल्मेट नको.

बिश्केकमध्ये आम्हाला भेटायला लातूरकडचा एक मुलगा आला. एका ओळखीच्याच्या नात्यातला, तिथं डॉक्टरकीच्या वरच्या वर्षाला. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं या शहरात वैद्यकीय शिक्षण घेतात. संध्याकाळी चुय रस्त्याच्या एका टोकाला मराठवाडी बोली कानावर पडते तेव्हा क्षणभर आपण कुठं आहोत हेच कळत नाही. वॉर्डात रुग्णांशी बोलून बोलून त्याचं रशियन पक्कं झालेलं. गाडी ताब्यात घेताना तो आमच्या बाजूनं बोलायला उभा राहिला. साडेसहाशे सीसीची, एका सिलिंडरची, उंच, जुनी पण निगा राखलेली गाडी. आम्ही चेनचा ताण, स्प्रोकेटचे दात, ब्रेक पॅड, स्पोक, क्लच केबल एकेक पाहिलं, आधीच्या ओरखड्यांचा व्हिडिओ काढला, दोन जादा ट्यूब आणि टायर काढायचे लिव्हर मागून घेतले. गाडी कार्बुरेटरची होती. हवा विरळ होते तसं अशा इंजिनात पेट्रोलचं प्रमाण जास्त होत जातं आणि दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद जाते. म्हणजे घाटात गाडी मंदावली तर घाबरायचं कारण नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. निघताना मुलगा म्हणाला, "काका, वर सोन-कुल तलावाशी जुलैतसुद्धा बर्फ पडतं. गरम जाकीट बॅगेच्या तळाशी घालू नका, वरच राहू द्या." हा सल्ला आम्ही शब्दशः पाळला.

पहिला दिवस मुद्दाम लहान. उजव्या बाजूनं चालवायची सवय होईपर्यंत डोकं सतत जागं ठेवावं लागतं. रहदारीत माणूस पुढच्याच्या मागं नीट जातो. खरा धोका पेट्रोल पंपातून रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडताना असतो, कारण तिथं हात आपोआप डावीकडं वळतात. म्हणून प्रत्येक थांब्यावर मागचा पुढच्याला मोठ्यानं "उजवी" म्हणून आठवण करून देई. बूमच्या दरीत चु नदीच्या काठानं वारा असा लागला की मालट्रक शेजारून गेला की गाडी हातभर सरकायची. दरी संपल्यावर बालिक्चीच्या अलीकडे दक्षिणेला वळलो आणि कोचकोरला १,८०० मीटरवर पहिला मुक्काम केला. हे बाजाराचं साधं गाव. वरच्या युर्तांमधली, म्हणजे नमद्याच्या तंबूंमधली, राहण्याची सोय इथूनच लावता येते, आणि गावकऱ्यांनीच उभ्या केलेल्या पर्यटनाच्या जाळ्यामुळं पैसे थेट धनगर कुटुंबांना जातात.

सोन-कुल तलाव ३,०१६ मीटरवर आहे. कलमक-आशू ही ३,४४६ मीटरची खिंड ओलांडली की डोंगर संपतात आणि समोर नुसतं गवत उरतं, मध्ये तलाव, आणि लांबवर पांढरे ठिपके म्हणजे युर्ता. इथं कायमची वस्ती नाही. जूनमध्ये बर्फ वितळलं की मेंढपाळ घोडे, मेंढ्या, गुरं घेऊन वर चढतात आणि सप्टेंबरात उतरतात. झाड औषधालाही नाही, त्यामुळे चुलीत वाळलेलं शेण जळतं. आत शिरल्यावर तो गोवऱ्यांचा वास आला आणि माझा मित्र, सोलापूरकडच्या खेड्यात वाढलेला, शेगडीजवळ जाऊन बसला तो उठेचना. युर्तातल्या आजीबाईंनी चहा, साय आणि तळलेले बोरसोक पुढं ठेवले. घोडीच्या दुधाचं आंबट किमिझ मी वाटीभर प्यायलो आणि मला ते मनापासून आवडलं.

रात्री वारा फिरला. सकाळी दाराचं जाड नमद्याचं पांघरूण बाजूला केलं तर गवत पांढरं, गाडी पांढरी, तलाव दिसेना. पुढच्या वाटेवरच्या मोल्दो-आशू खिंडीचा दक्षिणेकडचा उतार म्हणजे वळणामागून वळण आणि सगळा कच्चा. बर्फानं झालेल्या चिखलात तो उतरायचा प्रश्नच नव्हता. राखून ठेवलेला दिवस इथं खर्च झाला, आणि इतक्या शांत मनानं मी कुठल्याही प्रवासात थांबलेलो नाही. कुणाला फोन करायचा नव्हता, कुठलं बुकिंग बुडत नव्हतं.

त्या दिवसात पाहायला वेळ मिळाला. युर्ताच्या लाकडी पट्ट्या एकमेकींत कशा अडकवल्या आहेत, छताच्या मधलं तुंदुक नावाचं कडं सगळा भार कसं पेलतं. तेच कडं देशाच्या ध्वजावर सूर्याच्या मध्यभागी आहे. आजीबाईंची सून शिरदाक शिवत होती. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून नक्षी कापायची, मग एकातला तुकडा दुसऱ्यात बसवायचा, म्हणजे काहीच वाया जात नाही आणि जोडीनं दोन गालिचे होतात. ही कला २०१२ मध्ये युनेस्कोच्या तातडीनं जपायच्या वारशाच्या यादीत गेली. शिवताना तिच्या अंगठ्याला सुईच्या दाबानं पडलेला घट्टा पाहिला की दुकानातली त्याची किंमत जास्त वाटत नाही. दुपारी बर्फ वितळलं, पोरं घोड्यांवर बसून मेंढ्या वळवायला गेली, आणि आम्ही चेनला तेल दिलं. उंचीनं धरलेलं डोकंही संध्याकाळपर्यंत सुटलं.

खाली उतरून नारिन गावात पोचल्यावर मात्र निवड करावी लागली. रिकामा दिवस संपला होता. पुढं दोन गोष्टी होत्या, ताश रबातची दगडी सराई आणि तोसोर खिंड. दोन्हीला मिळून दिवस पुरत नव्हते. ताश रबात पंधराव्या शतकातली, काश्गरच्या व्यापारी वाटेवरची, ३,२०० मीटरवरच्या एका घळीत. चीनकडं जाणाऱ्या चांगल्या डांबरी रस्त्यानं तिच्या फाट्यापर्यंत जाता येतं. तोसोर म्हणजे ३,८९३ मीटरची कच्ची खिंड, जी हवा कोरडी असेल आणि अंगात रग असेल तरच ओलांडावी. मी म्हटलं, सराई पाचशे वर्षं उभी आहे, ती आणखी वीस वर्षांनी घरच्यांना घेऊन चारचाकीतूनही पाहता येईल. आपले गुडघे तेवढे थांबणार नाहीत. मित्र हसला आणि आम्ही तोसोर घेतली. थोड्या वेळात दोन चांगल्या गोष्टींतली एक घ्यायची असेल तर मी हाच निकष लावतो. वय वाढल्यावर जे जमणार नाही ते आधी.

घेतली तरी आंधळेपणानं नाही. खिंडीच्या पलीकडून आलेल्या एका ट्रकवाल्याला ओढ्यांचं पाणी कुठवर आहे ते विचारलं. त्यानं स्वतःच्या पोटरीवर हात ठेवून दाखवलं. गुडघ्याच्या वर हात गेला असता तर आम्ही दोलोन घाटाच्या डांबरी रस्त्यानं परत फिरलो असतो, तीही वाट आराखड्यात तयार होती. नारिनहून लहान नारिन नदीच्या खोऱ्यात शिरलं की आधी सूचिपर्णी झाडी, मग नुसती उघडी पठारं, ज्यांवर तासन् तास एखादा घोडेस्वार सोडला तर माणूस दिसत नाही. इथं पेट्रोल नाही, फोन नाही. टाकी काठोकाठ आणि वर पाच लिटरचा कॅन होता. ओढा आला की एकानं बूट घालूनच पाण्यातून चालत तळ चाचपायचा, दुसऱ्यानं मग पहिल्या गिअरमध्ये न थांबता गाडी काढायची. माथ्याजवळ बर्फाचे पट्टे, लहान लहान डबकी, आणि पलीकडचा उतार म्हणजे डोक्याएवढे सुटे धोंडे. तिथं उभ्यानं, ढोपरं सैल ठेवून, इंजिनाच्या ब्रेकवर गाडी सोडत राहायचं. दोन हजार मीटरहून अधिक खाली उतरत गेलो तसं इंजिनाचा श्वास मोकळा झाला, आणि इसिक-कुलचं निळं पाणी समोर आलं तेव्हा आम्ही दोघंही हेल्मेटच्या आत ओरडत होतो.

इसिक-कुल १,६०७ मीटरवर आहे. लांबी १८० किलोमीटरच्या आसपास, खोली ६६८ मीटर, पाणी किंचित खारं, आणि कडाक्याच्या थंडीतही ते गोठत नाही. दक्षिण किनाऱ्याला जुलैत रस्त्याच्या कडेनं बादल्या भरून जर्दाळू विकायला ठेवलेले असतात. बादलीच घ्या म्हणतात, मोजून देत नाहीत. गुडघ्यांनी दिवसभर जे सोसलं होतं ते पाण्यात उतरल्यावर निवळलं. दुसऱ्या दिवशी जेती-ओगुझचे लाल कडे पाहून काराकोल गाठलं. चीनमधून आलेल्या दुंगान मुसलमानांची लाकडी मशीद तिथं आहे, चिनी देवळासारखी, खिळ्यांशिवाय उभी केलेली म्हणून सांगतात. त्याच लोकांचं आश्लान-फू हे थंड, आंबटतिखट नूडल्सचं खाणं बाजारातल्या बाकावर बसून खाल्लं. इतक्या दिवसांच्या मटण आणि पावानंतर जिभेला मिरची भेटली.

काराकोलहून बिश्केक उत्तर किनाऱ्यानं चारशे किलोमीटर, सगळं डांबरी, सहा तासांच्या हिशेबाहून थोडं जास्त, पण एका दिवसात उरकण्यासारखं. वाटेत बुराना मनोऱ्याला ठरल्याप्रमाणे थांबलो. बालासागुन या नगरीतलं बाकी सगळं गेलं, वरचा भाग भूकंपांनी पाडलेला हा विटांचा मनोरा तेवढा उभा आहे. गाडी विमानाच्या आदल्या दिवशीच परत केली. हा नियम मी कुणासाठीही सैल करणार नाही. गाडी परत करायचा आणि विमान पकडायचा दिवस एक असू नये, कारण तसं केलं की शेवटचा टप्पा माणूस घड्याळाकडं पाहत चालवतो.

तुमच्याकडं आमच्याहूनही कमी दिवस असतील, आठवडाभरच असेल, तर तोसोर सोडा. कोचकोर, सोन-कुल आणि तिथून त्याच वाटेनं मागं येऊन इसिक-कुलचा दक्षिण किनारा एवढंच घ्या. काराकोलला जाऊच नका, वाटेतल्या बोकोनबायेवो गावाहून परत फिरा. जूनच्या मध्याआधी निघत असाल तर वरच्या खिंडी उघडल्या आहेत का ते कोचकोरमध्ये विचारून मगच पुढं जा. युर्तातली एक रात्र मात्र दोन करा, आणि त्यातल्या दुसरीच्या पुढं काहीही लिहू नका.